उपग्रहाच्या पोटातले विष आणि त्यावरचा उतारा



आजचा विषय आभाळातला आहे. पण ‘आम्हांला काय त्याचे?’ म्हणून पान उलटू नका. निम्म्या वाटेवर हाच विषय तुमच्या स्वयंपाकघरात येणार आहे आणि शेवटी फवारणीच्या पंपापाशी येऊन थांबणार आहे.

दूध मोजायचे एक लिटरचे माप डोळ्यांपुढे आणा. दहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच पेटी केली, तर तिच्यात बरोबर एक लिटर दूध मावते. १९९९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, जोर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, असे ठरवले की विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवायचे ते याच मापाचे. या पेट्यांना ‘क्यूबसॅट’ म्हणतात. एक पेटी पुरली नाही, तर दोन, तीन, सहा पेट्या एकाला एक जोडायच्या. जात्याएवढा, सुटकेसएवढा उपग्रह अशा रीतीने तयार होतो.

आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनीही असा एक उपग्रह बनवला. त्याचे नाव ‘स्वयम्’. वजन एक किलोच्या आतबाहेर. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने एकूण वीस उपग्रह नेले, त्यांत हा होता. त्याच अग्निबाणात शेजारी अमेरिकेचा ‘स्कायसॅट’ नावाचा उपग्रह बसला होता, वजनाने क्विंटलभराहून थोडा जास्त. त्याचे काम वरून जमिनीचे बारीक फोटो काढण्याचे.

या दोन सहप्रवाशांत एक मोठा फरक होता. स्वयम्‌जवळ स्वतःहून वाट बदलायचे कोणतेही साधन नव्हते. सोडला तिथून तो फिरत राहणार. स्कायसॅटजवळ मात्र चार छोटी इंजिने होती, आणि त्यांत भरलेले इंधन नेहमीचे विषारी इंधन नव्हते. आजची गोष्ट त्या इंधनाची आहे.

उपग्रहाला इंजिन कशाला?

तुम्ही म्हणाल, एकदा वर गेला की तो आपोआप फिरतोच ना? फिरतो, ताशी सुमारे सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने फिरतो. पण चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवरही हवा अगदीच संपलेली नसते. ती विरळ हवा उपग्रहाला घासत राहते, आणि तो हळूहळू खाली येतो. बैलगाडी चढावर सोडून दिली तर जागेवर राहील का? मधूनमधून खांदा द्यावाच लागतो.

दुसरे कारण आहे गर्दीचे. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा बंद पडलेला ‘कॉस्मॉस २२५१’ एकमेकांवर आदळले. दोन हजारांवर मोठे तुकडे झाले आणि ते तुकडेच दुसऱ्यांच्या जिवावर उठले. समोरून काही येत असेल, तर बाजूला व्हायला जोर हवा. काम संपले की स्वतःहून खाली उतरून हवेत जळून जायलाही जोर हवा. अमेरिकेने २०२२ मध्ये नियम केला की पृथ्वीजवळच्या उपग्रहाने काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत कक्षा मोकळी करावी. आपल्या इस्रोनेही २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचे ठरवले आहे. शेत सोडून जाणाऱ्याने आपले काटेकुटे मागे टाकू नयेत, असाच हा न्याय.

आता हा जोर येतो कुठून? मोटार सुरू करा आणि रबरी नळी हातात सैल धरा. पाणी पुढे उडते आणि नळी मागे हिसडा मारते. वरच्या पोकळीत ढकलायला ना रस्ता, ना पाणी, ना हवा. म्हणून उपग्रह आपल्याच पोटातली काही वस्तू वेगाने मागे फेकतो आणि स्वतः पुढे सरकतो. जितके जास्त फेकाल आणि जितक्या वेगाने फेकाल, तितका जोर जास्त. सगळे शास्त्र एवढ्यात आले. प्रश्न एवढाच उरतो की फेकायचे काय?

हायड्राझिन: गुणी, पण विखारी

गेली साठेक वर्षे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे, हायड्राझिन. युरिया कुजल्यावर किंवा गोठ्यात मूत्र साचल्यावर नाकात झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा. हायड्राझिन हे त्याच कुळातले. दिसायला पाण्यासारखे स्वच्छ. इरिडियम धातूचा लेप दिलेल्या बारीक दाण्यांवरून ते सोडले की काडी न लावता क्षणात फुटते, तापते, आणि त्याचा अमोनिया, नायट्रोजन व हायड्रोजन वायू होऊन झोत बाहेर पडतो. एक टाकी, एक तोटी, एक नोझल. बाकी काही भानगड नाही. तोटी उघडली की चालू, मिटली की बंद, आणि हे हजारो वेळा.

याच्या गुणाचा एक दाखला देतो. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ या यानावरची काही इंजिने ३७ वर्षे वापरलीच नव्हती. २०१७ च्या नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी सूर्यमालेच्या काठापलीकडे गेलेल्या त्या यानाला हुकूम पाठवला, आणि ती इंजिने काल ठेवल्यासारखी चालू झाली. ३७ वर्षे पडून राहिलेला आपला पंप असा एका हिसक्यात चालू होईल का? म्हणूनच या इंधनाला सहजासहजी कोणी सोडत नाही.

पण त्याचा विखार ऐका. कातडीला लागले तर भाजते, आणि कातडीवाटे अंगातही भिनते. वाफ छातीत गेली तर फुप्फुसे, यकृत आणि मज्जातंतू यांना इजा करते. माणसाला त्यापासून कर्करोग होण्याचा संभव आहे, असे जागतिक तज्ज्ञांचे मत आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांनी मर्यादा घातली आहे ती दहा कोटी भाग हवेत एक भाग, एवढीच. आणि खरी मेख इथेच आहे. याचा वास माणसाच्या नाकाला कळतो तोपर्यंत हवेतले प्रमाण या मर्यादेच्या शेकडो पट झालेले असते. नाक सावध करील म्हणून थांबाल, तर उशीर झाला.

म्हणून हे इंधन भरणारी माणसे डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात असतात. आत श्वासासाठी वेगळी हवा सोडलेली असते. खोली वेगळी, आजूबाजूच्या सगळ्यांना बाहेर काढलेले, दाराशी वैद्यकीय पथक आणि आगीचा बंब तयार. टाकी भरेपर्यंत दुसरे कसलेही काम त्या इमारतीत चालत नाही.

बरे, वर गेले म्हणजे सुटलो असेही नाही. अमेरिकेचा एक हेरगिरी करणारा उपग्रह वर गेल्यावर लगेच निकामी झाला. त्याच्या टाकीत सुमारे ४५० किलो हायड्राझिन न वापरता तसेच पडून होते. ती टाकी वस्तीत पडली तर लोकांना धोका होईल, हे कारण देऊन अमेरिकेच्या आरमाराने २००८ च्या फेब्रुवारीत क्षेपणास्त्र सोडून तो उपग्रह वरच्या वर फोडला. युरोपातल्या देशांनी २०११ मध्ये हायड्राझिनचे नाव अतिशय काळजी करण्याजोग्या रसायनांच्या यादीत घातले. तेव्हापासून पर्यायाच्या शोधाला चांगलाच वेग आला.

लहान्यांची अडचण

मोठा, शेकडो कोटींचा उपग्रह असेल, तर हा सगळा बंदोबस्त परवडतो. पण दुधाच्या मापाएवढा उपग्रह बनवणाऱ्यांचे काय? बंदोबस्त तोच करावा लागतो, मग टाकीत पाचशे किलो भरा नाहीतर अर्धा किलो. महाविद्यालयातल्या मुलांनी तो पोशाख कुठून आणायचा, आणि त्यांच्या हाती ते विष द्यायचे तरी कोणी?

आणखी एक गोष्ट. लहान उपग्रह बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अग्निबाणात उरलेल्या जागेवर बसून जातात. एस.टी.त रॉकेलचा डबा घेऊन चढू लागलात, तर कंडक्टर खाली उतरवील; ते बरोबरच आहे, कारण गाडीत चाळीस माणसे बसलेली असतात. मुख्य उपग्रहाचा मालकही हेच म्हणतो. माझ्या महागड्या उपग्रहाच्या शेजारी तुमचे विषारी, दाबाखालचे डबे नकोत. म्हणून कितीतरी लहान उपग्रह स्वयम्‌सारखे इंजिनाविना गेले. जिथे सोडले तिथे फिरले, आणि हवेने ओढले तसे खाली आले.

थोडक्यात, उपग्रह लहान झाला, स्वस्त झाला, साध्या माणसांच्या हाती आला. इंधन मात्र साध्या हातांनी शिवण्याजोगे नव्हते. हा गुंता सोडवायचा होता.

स्वयंपाकघरातली इंधने

आता घरात चला. पहिला उतारा तुमच्या शेगडीखाली आहे. गॅसच्या सिलिंडरमध्ये जे भरलेले असते, त्यात ब्यूटेन नावाचा वायू असतो. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाकडच्या मंडळींनी २८ जून २००० रोजी ‘स्नॅप-१’ हा साडेसहा किलोचा उपग्रह सोडला. त्यात ब्यूटेन भरले होते फक्त साडेबत्तीस ग्रॅम. ते जाळायचे नव्हतेच. नुसते नोझलमधून बाहेर सोडायचे, फुग्यातली हवा सोडावी तसे. तेवढ्यावर त्या चिमुकल्याने आपली उंची बदलून दाखवली.

दुसरा उतारा आग विझवायच्या नळकांड्यातला. ५ मे २०१८ रोजी मंगळाकडे निघालेल्या ‘इनसाइट’ यानासोबत ‘मार्को’ नावाचे दोन छोटे उपग्रह गेले. आग विझवायला वापरतात त्या जातीचा वायू त्यांनी झोतासाठी नेला होता. सुमारे साडेसहा महिने प्रवास करून, वाटेत आपली दिशा नीट करत, २६ नोव्हेंबरला दोघेही मंगळापाशी पोचले, आणि इनसाइट उतरत असतानाची खबर त्यांनी पृथ्वीवर पोचवली. एवढे लहान उपग्रह त्याआधी कधीच दुसऱ्या ग्रहापर्यंत गेले नव्हते.

तिसरा उतारा म्हणजे साधे पाणी! टोकियो विद्यापीठ आणि जपानची अवकाश संस्था यांनी ‘इक्वुलिअस’ हा साडेदहा किलोचा उपग्रह बनवला. या शब्दाचा अर्थ शिंगरू. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी चंद्राकडे गेलेल्या अमेरिकेच्या आर्टेमिस मोहिमेत तो निघाला. पाणी भरायला ना पोशाख लागला, ना बंब. पोकळीत पाण्याची वाफ लवकर होते. तिला आणखी थोडी ऊब दिली की झोत तयार. आणि ही ऊब त्यांनी रेडिओयंत्राच्या तापण्यातूनही घेतली. चुलीच्या वैलावर पाणी तापवून जळण वाचवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही युक्ती सांगायला नको. त्या वाफेच्या बळावर शिंगराने चंद्राजवळून जाताना आपली वाट बरोबर धरली.

चौथा उतारा औषधाच्या कपाटात आहे. जखमेवर लावायच्या टिंक्चरमध्ये जे आयोडीन असते, त्याचे घट्ट खडे टाकीत ठेवायचे. दाबाची भीती नाही, सांडायची भीती नाही. ऊब देऊन त्याची वाफ करायची आणि विजेच्या जोराने ती बाहेर फेकायची. ‘थ्रस्टमी’ या फ्रेंच कंपनीने २०२० च्या नोव्हेंबरात वर गेलेल्या एका चिनी उपग्रहावर हे पहिल्यांदा करून दाखवले.

इतके सोपे असेल तर मग अडले कुठे? अडले जोरापाशी. ब्यूटेन आणि पाणी अंगाने सौम्य, त्यामुळे झोतही सौम्य. आयोडीनचा झोत वेगवान असतो, पण त्यातून मिळणारा रेटा इतका हलका की तळहातावर ज्वारीचे दोन-तीन दाणे ठेवले तर जेवढा भार वाटेल, तेवढाच. असा रेटा आठवडेच्या आठवडे द्यावा तेव्हा वाट बदलते. शिवाय आयोडीन धातूला खाते, म्हणून आतले भाग जपून निवडावे लागतात. समोरून काही आदळायला येत असताना चटकन बाजूला व्हायचे, तर या हलक्या रेट्यावर भागत नाही.

खतांच्या कुळातली इंधने

म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूनेही शोधत होते. हायड्राझिनइतके किंवा त्याहून अधिक बळ हवे, पण अंगावर वाफ येऊन जीव जाणार नाही असे. ते त्यांना सापडले क्षारांमध्ये. नत्राची खते आपण हाताळतो. खताचा दाणा विरघळतो, पण त्याची वाफ होऊन नाकात जात नाही. तसेच नत्राचे दोन बळकट क्षार त्यांनी निवडले. एकाचे लांबलचक नाव थोडक्यात एडीएन, दुसऱ्याचे हॅन. एडीएन १९७१ साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मॉस्कोत तयार केले होते, पण बरीच वर्षे ते लष्करी गुपित राहिले.

स्वीडनच्या मंडळींनी एडीएनमध्ये पाणी, मिथेनॉल आणि थोडा अमोनिया मिसळून इंधन बनवले. १५ जून २०१० रोजी ‘प्रिझ्मा’ मोहिमेत त्यांनी एकाच उपग्रहावर जुने हायड्राझिन आणि हे नवे इंधन, दोन्ही बसवले, म्हणजे एकाच वावरात दोन वाणांचे पट्टे पेरून पाहावे तसे. नवे इंधन कसाला उतरले, आणि ते भरताना तो बंद पोशाख घालावा लागला नाही. सुरुवातीला सांगितलेल्या स्कायसॅटच्या पोटात होते ते हेच इंधन.

अमेरिकेच्या हवाई दलाने हॅनपासून दुसरे इंधन केले. २५ जून २०१९ रोजी नासाने ते एका छोट्या उपग्रहावर वर पाठवले. तेवढ्याच टाकीत हायड्राझिनच्या जवळजवळ दीडपट काम होईल, असा त्यांचा हिशेब. शिवाय हायड्राझिन सुमारे दोन अंशांवर गोठते, म्हणून त्याच्या टाकीला सतत ऊब द्यावी लागते. या नव्या इंधनाला गोठण्याची भीती नाही.

पण फुकट काहीच मिळत नाही. पूर्वी घरोघर पंपाचा स्टोव्ह असे, तो आठवा. आधी वाटीत थोडे रॉकेल किंवा स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, मगच पंप मारायचा. घाई केली तर भडका. या नव्या इंधनांचेही तसेच आहे. आधी इंजिनातले दाणे विजेने काही शे अंशांपर्यंत तापवावे लागतात, आणि लहान उपग्रहाजवळ वीज ती किती? शिवाय यांची आच हायड्राझिनहून खूपच जास्त. साधा धातू टिकत नाही, महाग धातू लागतात.

आणि कधी कधी सगळे जमते, पण भलत्याच जागी घोडे अडते. नासाचा ‘लूनर फ्लॅशलाइट’ हा सुटकेसएवढा उपग्रह ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रावरचा बर्फ शोधायला निघाला. इंधन हेच, हॅनचे. वर गेल्यावर कळले की चारांपैकी तीन इंजिने पुरेसा जोर देत नाहीत. तपास करता असे दिसले की इंधनाच्या नळ्यांत कचरा अडकला असावा, बहुधा घडणीतून मागे राहिलेला धातूचा चुरा. ठिबकच्या नळीत गाळ अडकावा, तसे. शेतात नोझल तुंबले तर आपण काडी घालून मोकळे करतो. तिथे काडी घालायला कोण जाणार? त्यांनी दाब वाढवून चुरा उडवून लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. अखेर १२ मे २०२३ रोजी नासाने मोहीम संपल्याचे जाहीर केले. दोष इंधनाचा नव्हता. पण नवे इंधन म्हणजे नवी नळी, नवी तोटी, नवी घडण, आणि त्या सगळ्यांना पुन्हा एकदा परीक्षेला बसावे लागते, हे त्यातून कळले.

आपल्याकडे काय?

आपणही मागे नाही. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यावर रिकामा होतो. इस्रो त्याला लगेच टाकून न देता वर फिरत ठेवते आणि त्यावर लहान कंपन्यांना व महाविद्यालयांना प्रयोग करू देते. माल बाजारात उतरवल्यावर रिकाम्या गाडीतून परतीचे भाडे घ्यावे, तसा हा प्रकार. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या अशा टप्प्यावर बंगळूरच्या बेलाट्रिक्स कंपनीने आपले बिनविषारी इंधनाचे ‘रुद्र’ इंजिन अवकाशात चालवून पाहिले. ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या टप्प्यावर मुंबईच्या ‘मनस्तु स्पेस’ या कंपनीचे इंजिन होते. तिचे इंधन हायड्रोजन पेरॉक्साइडचे.

हे पेरॉक्साइड तुम्ही पाहिले आहे. जखम धुताना जे फसफसते, तेच. औषधाच्या बाटलीत ते शंभरात तीन भाग असते. अग्निबाणाच्या कामाला ऐंशी-नव्वद भागांचे लागते. विहिरीत टाकायचे जांभळे परमँगनेट आपल्याला ठाऊक आहे. त्या जातीच्या क्षाराशी गाठ पडली की हे जालीम पेरॉक्साइड क्षणात फुटते आणि गरम वाफ व प्राणवायू होऊन बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणाचे पंप याच जोडीवर फिरत. म्हणजे युक्ती जुनीच. हायड्राझिन आल्यावर ती मागे पडली होती, आता नव्या रूपात परत येत आहे.

पण यातून विष गेले, तरी धोका गेला असे समजू नका. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी बुडाली आणि ११८ माणसे गेली. कारण होते एका टॉर्पेडोतून गळलेले असेच जालीम पेरॉक्साइड. टाकीत जरा मळ राहिला, चुकीचा धातू लागला, की ते आपोआप फुटू लागते आणि दाब चढतो. स्वीडिश इंधनातले मिथेनॉल घ्या. विषारी दारूने माणसे मरतात ती याच मिथेनॉलने. श्वासाला त्याची हायड्राझिनसारखी दहशत नाही, पण पोटात गेले तर तेही जीव घेते. आणि ज्या पीएसएलव्हीतून हे सगळे वर जाते, त्याचा स्वतःचा दुसरा टप्पा अजूनही हायड्राझिनच्याच कुळातले इंधन पितो. बदल लहानांपासून सुरू झाला आहे. मोठ्यांपर्यंत पोचायला वेळ लागेल.

बिनविषारी म्हणजे काय?

शास्त्रज्ञ या इंधनांना ‘हिरवी’ इंधने म्हणतात. हा शब्द ऐकला की मला कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण आठवतो. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. कित्येक जण हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे काढून ठेवतात. पण हिरवा म्हणजे विष नाही असे नव्हे. त्यातल्या त्यात सौम्य, एवढाच त्याचा अर्थ. अवकाशातल्या हिरव्या इंधनाचाही अर्थ तेवढाच घ्यायचा.

मात्र एका गोष्टीसाठी या शास्त्रज्ञांची पाठ थोपटायला हवी. त्यांनी हिशेब करताना नुसते विचारले नाही की उपग्रह किती पळेल. टाकी कोण भरणार आणि त्याच्या छातीत काय जाणार, हेही विचारले. इतके गुणी इंधन, ३७ वर्षांनी हाकेला ओ देणारे, तरीही भरणाऱ्या माणसासाठी त्याला पर्याय शोधायला त्यांनी वर्षानुवर्षे खर्च केली.

आपल्या शेतात हा प्रश्न कोण विचारतो? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. हायड्राझिन भरणाऱ्याला बंद पोशाख, वेगळी हवा, दाराशी डॉक्टर. आणि डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत फवारणाऱ्याच्या तोंडाला फार तर एक रुमाल. विष दोन्हीकडे विषच आहे.

म्हणून कीटकनाशकाच्या दुकानात गेलात, की ‘किडीवर काय चालते?’ या प्रश्नाबरोबर ‘यातले कमी विषारी कोणते?’ हाही प्रश्न विचारा. त्रिकोणाचा रंग पाहा. रंग कोणताही असो, हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे घाला. वारा पाठीवर घ्या. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. फवारणीला मजूर लावाल, तर ही सामग्री त्याला आधी द्या आणि मग पंप द्या. आणि वास येत नाही म्हणजे विष नाही, असे मानू नका.

तुमच्या घरची मुले-मुली शाळेत विज्ञान शिकत असतील, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. कोणती इंधने घरात सापडतात, ते त्यांना ओळखायला लावा. पुण्याच्या मुलांनी एक किलोचा उपग्रह बनवला, तो इंजिनाविना गेला. पुढचा कोणी बनवील, त्याच्या पोटात पाणी असेल नाहीतर फसफसणारे पेरॉक्साइड; आणि ते भरणारे हात कदाचित तुमच्याच गावचे असतील.

बरे तर मंडळी, आज इथेच थांबतो. शंका असतील त्या कळवा. रामराम!